बंदुकीच्या दारूचे वार्धक्य

दारू हा शब्द मराठीत तीन संसार सांभाळतो. फारसीतून तो आपल्याकडे आला तेव्हा त्याचा अर्थ औषध असा होता. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. दुसरा अर्थ दारूबंदीच्या वादातला. त्याची फोड करण्याचे कारण नाही. तिसरा अर्थ बंदुकीच्या आणि तोफेच्या दारूचा. आता औषध जुने झाले म्हणजे त्याचा गुण जातो, हे घरोघर ठाऊक आहे. मद्य जुने झाले म्हणजे त्याची किंमत वाढते, असे त्यातले जाणकार सांगतात. मग बंदुकीची दारू जुनी झाली म्हणजे तिचे काय होते? तिचा जोर जातो, की वाढतो, की ती स्वतः होऊन पेट घेते?

हा प्रश्न केवळ शिकाऱ्याचा किंवा सैनिकाचा आहे असे पुष्कळांना वाटेल. परंतु दारूची कोठारे नेहमी कोणत्या ना कोणत्या गावाच्या शेजारी असतात, आणि कोठारातील माणसांकडून हयगय झाली तर तिची किंमत त्या गावाने मोजली आहे. म्हणून ज्याने जन्मात बंदूक हातात धरली नाही त्यानेही हा विषय समजून घ्यावा, असा या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपण ‘बंदुकीची दारू’ या एकाच नावाने दोन अगदी भिन्न पदार्थ ओळखतो. पहिली जुनी काळी दारू. सोरा, गंधक आणि लोणारी कोळसा यांचे ते मिश्रण. शिवकालातील आणि पेशवाईतील तोफा याच दारूवर चालत. मुंबईत माझगावच्या बाजूला ‘दारूखाना’ आणि ‘गनपावडर रोड’ ही नावे आजही आहेत, ती याच दारूची आठवण होय. सिंहगडावर चढून गेलेल्यांनी तेथील दगडी दारूकोठार पाहिले असेल. १७५१ साली त्या गडावर दारूच्या कोठारावर वीज पडून मोठा अनर्थ झाला, असे सांगतात.

या काळ्या दारूचा स्वभाव असा की तिला वार्धक्य जवळजवळ नाही. तिच्यातील तिन्ही पदार्थ एकमेकांशेजारी स्वस्थ बसलेले असतात. ठिणगी पडेपर्यंत त्यांचा परस्परांशी व्यवहार होत नाही. तिचा शत्रू बाहेरून येतो: वीज, ठिणगी, चिलमीची आग, लोखंडावर लोखंडाचा घाव. दुसरा शत्रू ओल. ओल शिरली की सोरा विरघळतो, दारूची ढेकळे होतात आणि जोर जातो; पण कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या ती तशीच राहते. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्या काळातील तोफेचा एक गोळा साफ करीत असताना २००८ साली व्हर्जिनिया राज्यात स्फोट होऊन एक संग्राहक मरण पावला. जवळजवळ दीडशे वर्षे झाली तरी त्या गोळ्यातील दारू जिवंत होती. म्हणून जुन्या वाड्यात किंवा शेतात सापडलेली तोफगोळ्यासारखी वस्तू ‘इतकी जुनी आहे, तिच्यात आता काय उरले असेल!’ म्हणून हाताळू नये, एवढा बोध येथेच घेऊन ठेवू.

दुसरी दारू ती बिनधुराची दारू. आजच्या काडतुसांतून आणि तोफांतून जी वापरतात ती हीच. ही काळ्या दारूसारखे नुसते मिश्रण नव्हे; हिचा मुख्य घटक एक रासायनिक संयुग आहे, आणि त्याच्या स्वभावातच वार्धक्य आहे.

१८४६ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथील रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन याने कापसावर नायट्रिक आम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करून एक नवा पदार्थ जाहीर केला. दिसायला तो कापूसच. पण पेटविला की क्षणात नाहीसा होई, राख नाही आणि धूरही नाही. या ‘बंदुकीच्या कापसा’ने युरोपातील सेनापतींना भुरळ घातली. काळ्या दारूच्या धुराने रणांगण झाकोळून जाई, गोलंदाजाला आपलाच नेम दिसत नसे. ती अडचण आता संपणार असे सर्वांना वाटले. पण दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमधील फेव्हरशॅम येथे हा कापूस तयार करणारा कारखाना उडाला आणि अनेक कामगार मेले. फ्रान्समध्येही स्फोट झाले. ऑस्ट्रियाने नेटाने प्रयोग चालू ठेवले. परंतु १८६२ व १८६५ साली तेथील कोठारे उडाली, तेव्हा त्यांनीही हा नाद सोडला. या कोठारांत कोणी ठिणगी पाडली नव्हती. दारू आपली आपणच पेटली होती.

याचे कारण इंग्लंडमध्ये फ्रेडरिक एबेल याने शोधून काढले. कापसाचा धागा आतून पोकळ असतो. त्या पोकळीत आम्लाचा अंश अडकून राही, तो नुसत्या धुण्याने निघत नसे, आणि तोच पुढे घात करी. एबेलने १८६५ च्या सुमारास अशी पद्धत बसविली की तो कापूस पाण्यात बारीक कुटून त्याचा लगदा करावयाचा आणि पुनःपुन्हा धुवावयाचा. त्यानंतर हा पदार्थ बराच निर्धोक झाला. पुढे १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येय याने त्याची कणीक तिंबावी तशी विद्रावकात मळून पातळ पापुद्रे पाडले. ती पहिली यशस्वी बिनधुराची दारू. १८८७ साली आल्फ्रेड नोबेलने तीत नायट्रोग्लिसरीन मिसळले, आणि १८८९ मध्ये एबेल व ड्यूअर यांनी इंग्रजांसाठी ‘कॉर्डाइट’ सिद्ध केले. निलगिरीतील अरुवनकाडूच्या कारखान्याने हे नाव आपल्या देशात रूढ केले.

तरीही मूळचा दोष पूर्ण गेला नाही, आणि जाणारही नाही. तो कोणता, हे समजल्याशिवाय पुढचे कोणतेच नियम पटणार नाहीत. म्हणून येथे थोडे रसायनशास्त्र सहन करावे, ही विनंती.

नायट्रोसेल्युलोज, म्हणजे आपला हा बंदुकीचा कापूस, याच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजन व ऑक्सिजन यांची जोडगोळी एका दुबळ्या बंधाने अडकविलेली असते. तो बंध दुबळा आहे म्हणूनच दारू क्षणात जळते. पण त्याच दुबळेपणामुळे, काहीही केले नाही तरी, कोठे ना कोठे एखादा बंध सुटत राहतो. सुटलेला भाग नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या रूपाने बाहेर पडतो. त्याला ओल मिळाली की त्याचे आम्ल बनते. ते आम्ल शेजारचे बंध तोडते, त्यातून आणखी वायू निघतो, त्याचे आणखी आम्ल होते. शिवाय प्रत्येक बंध तुटताना थोडी उष्णता निर्माण होते, आणि उष्णतेने हा सगळा व्यवहार अधिक वेगाने चालतो. सावकारी व्याज जसे मुद्दलात मिळून चढत जाते तसाच हा प्रकार आहे. प्रारंभी वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही. आणि दिसू लागले म्हणजे फार उशीर झालेला असतो.

येथे ढिगाच्या आकाराचाही प्रश्न येतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. ओला कडबा तसाच गंजीत रचला तर गंजी आतून तापते. हात घातला तर चटका बसतो, आणि कधी कधी ती पेटतेही. मूठभर ओला कडबा मात्र कधी तापत नाही, कारण त्याची उष्णता वाऱ्यावर निघून जाते. दारूचेही तसेच आहे. डबाभर दारू बिघडली तर बहुधा तिचा वास सुटेल, रंग पालटेल, गुण जाईल. तीच दारू टनांनी एकत्र रचली असेल तर मधली उष्णता बाहेर पडू शकत नाही, आणि एके दिवशी ढीग आपोआप पेटतो.

ही साखळी तोडण्याचा उपाय म्हणून दारूत एक स्थैर्यकारी द्रव्य घालतात. डायफेनिलअमीन हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध. त्याचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास असते. याचे काम असे की निसटलेला वायू आम्ल होण्यापूर्वीच त्याला पकडून स्वतःत बांधून टाकावयाचे. हे द्रव्य बंध सुटणे थांबवीत नाही. फक्त सुटलेल्या वायूला पुढचा उपद्रव करू देत नाही. पण हे करताना ते स्वतः खर्ची पडते. डब्यातल्या दारूचे आयुष्य म्हणजे या द्रव्याची शिल्लक होय. शिल्लक आहे तोवर दारू वीस वर्षांची असो की पन्नास वर्षांची, ती तरुणच समजावी. शिल्लक संपली की पाच वर्षांची दारूही म्हातारी झाली.

हा धडा जगाला स्वस्तात मिळाला नाही. १२ मार्च १९०७ रोजी फ्रान्सच्या तूलाँ बंदरात ‘येना’ ही युद्धनौका गोदीत दुरुस्तीसाठी उभी असता तिचे दारूकोठार उडाले. सुमारे एकशेवीस माणसे गेली. चौकशा झाल्या, वाद झाले, आणि मग २५ सप्टेंबर १९११ रोजी त्याच बंदरात ‘लिबेर्ते’ या दुसऱ्या युद्धनौकेचे तेच झाले. या वेळी मृतांची संख्या अडीचशेच्या वर गेली. दोन्ही प्रसंगी कोणी शत्रू समोर नव्हता. संशय बिघडलेल्या दारूवर आला. फ्रेंच आरमाराच्या दारूत तोवर स्थैर्यासाठी अमिल अल्कोहोल घालीत असत. ते अपुरे ठरले, आणि डायफेनिलअमीनचा वापर तेथे सुरू झाला.

आता तपासणीकडे वळू. शिल्लक किती उरली हे बाहेरून दिसत नाही. तेव्हा ती मोजावी कशी? सर्वांत जुनी कसोटी एबेलचीच. दारूचा नमुना नळीत ठेवून बेताने तापवितात आणि वर खळ व आयोडाइड लावलेला कागद टांगतात. वायूचा अंश निघाला की कागदावर डाग उमटतो; डाग किती मिनिटांनी उमटला यावरून निर्णय होतो. व्येयच्या कसोटीत नमुना ११० अंश सेल्सिअसवर ठेवून लिटमस कागद कधी तांबडा होतो ते पाहतात. तिसरी पद्धत अधिक संथ पण मोठ्या भरवशाची. नमुना बाटलीत घालून ६५.५ अंशांच्या कपाटात ठेवून द्यावयाचा आणि तांबूस धूर कधी दिसतो त्याची वाट पाहावयाची. चांगली दारू तेथे वर्षाहूनही अधिक काळ तग धरते. तीस दिवसांच्या आत धूर दिसला तर त्या जातीचा सगळा साठा नष्ट करावयाचा. अलीकडे उपकरणांच्या साहाय्याने स्थैर्यकारी द्रव्याची शिल्लकच प्रत्यक्ष मोजतात. अमेरिकन सैन्याच्या नियमाप्रमाणे ती शेकडा ०.३० किंवा अधिक असेल तर साठा ठीक; ०.२० च्या खाली गेली तर तो धोकादायक मानून ताबडतोब नष्ट करण्याच्या यादीत जातो. या सर्व कसोट्या प्रयोगशाळेतील तज्ज्ञांच्या आहेत. घरच्या शेगडीवर करून पाहण्याच्या नव्हेत, हे वेगळे सांगावयास नको.

पण ज्याच्यापाशी प्रयोगशाळा नाही अशा माणसाने काय करावे? अमेरिकेत हा प्रश्न लक्षावधी घरांत आहे. तेथे नेमबाज आणि शिकारी वापरलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी जपून ठेवतात, त्यांना नवी टोपी बसवितात, मापून दारू घालतात, वर गोळी दाबतात आणि काडतूस पुन्हा वापरतात. त्यामुळे अनेक घरांच्या तळघरात किंवा कपाटात दारूचे डबे असतात; कधी वडिलांनी घेतलेले, कधी लिलावात मिळालेले. तेथील उत्पादकांनी आणि अग्निशमन तज्ज्ञांनी घालून दिलेले नियम साधे आहेत. मात्र प्रत्येक नियमामागचे कारण आपण आताच पाहिलेल्या रसायनशास्त्रात आहे.

पहिला नियम: दारू थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. थंडपणाचे महत्त्व किती, याचा हिशेब करून पाहू. तपमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट ते चौपट होतो. तिप्पट धरला, तर वीस अंशांऐवजी पन्नास अंशांवर तो सत्तावीसपट होईल. म्हणजे उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या मोटारीत घालविलेला एक महिना हा थंड खोलीतील सव्वादोन वर्षांच्या बरोबरीचा. डब्यावरच्या तारखेवरून दारूचे खरे वय कळत नाही ते यामुळे. तिने ते वय कोठे काढले, हे कळले पाहिजे.

दुसरा नियम: दारू मूळच्याच डब्यात ठेवावी. काचेच्या बरणीत प्रकाश शिरतो, आणि प्रकाशही बिघाडाला हातभार लावतो. जाड लोखंडी, घट्ट बंद होणारी पेटी तर त्याहून वाईट. कारखान्याचा डबा मुद्दाम कमकुवत केलेला असतो. आग लागली तर तो चटकन फुटतो आणि दारू नुसती जळून जाते. मजबूत पेटीत तीच दारू दाब धरते आणि पेटीचा बॉम्ब होतो. तेथील नियमावलीप्रमाणे घरात वीस पौंडांपर्यंत, म्हणजे नऊ किलोंपर्यंत, दारू मूळच्या डब्यांत ठेवता येते. त्याहून अधिक, पन्नास पौंडांपर्यंत ठेवावयाची असेल तर किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत ठेवावी लागते. लाकूड उष्णता चटकन आत जाऊ देत नाही आणि दाबही फार धरून ठेवीत नाही. टोप्यांचा साठा मात्र दारूपासून दूर, वेगळा.

तिसरा नियम: दोन डब्यांतील दारू एकत्र करू नये. तिचा प्रकार एक नसेल तर गोळीमागचा दाब किती होईल हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि प्रकार एक असला तरी जुन्यातला बिघाड नव्यात कालवला जातो. दिवसाचे काम संपले की मापयंत्राच्या नळकांड्यात उरलेली दारू त्याच डब्यात परत घालावी. ती तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशी कोणती होती याचा विसर पडतो. शिवाय काही दारूंतील नायट्रोग्लिसरीन प्लास्टिक खाते. नळकांड्यावर कायमचा पिवळट डाग पडतो. डबा घेतल्याची आणि फोडल्याची तारीख त्याच्यावरच लिहावी, आणि आधी घेतलेला आधी संपवावा.

चौथा नियम: ठराविक काळाने पाहावे, आणि पाहताना नाकडोळे दोन्ही उघडे ठेवावेत. ताज्या दारूला ईथर किंवा स्पिरिटसारखा गोडसर वास असतो. तो विद्रावकाचा, त्यात भिण्यासारखे काही नाही. बिघडलेल्या दारूचा वास आंबूस, तिखट, नाकाला झोंबणारा. सोनाराच्या दुकानात तेजाबाचा वास घेतला असेल त्याला तो लगेच ओळखू येईल. डब्यात नाक खुपसू नये. झाकण उघडून हाताने थोडी हवा आपल्याकडे ओढावी, कारण तो वायू फुप्फुसांना घातक आहे. झाकणाखाली तांबूस धूर दिसला, कणांवर गंजासारखी तांबूस पूड दिसली, डब्याच्या आतला पत्रा गंजला किंवा कागद जळल्यासारखा पिवळा-ठिसूळ झाला, कण एकमेकांना चिकटले, डबा फुगला किंवा हाताला कोमट लागला, तर निकाल झाला. भरलेल्या काडतुसांवर हिरवा थर, नळकांड्याच्या गळ्याशी बारीक तडे, गोळीच्या बुडाशी गंज, हीही तीच लक्षणे. मग ‘सरावाला चालेल’ असे म्हणू नये. बिघडलेली दारू कधी दुबळी जळते आणि गोळी नळीतच अडकते. कधी तिचे कण भुगा झालेले असतात म्हणून ती एकदम जळते आणि बंदूकच फुटते. दोन्हीही नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

पाचवा नियम विल्हेवाटीचा. केराच्या पेटीत किंवा मोरीत दारू टाकणे म्हणजे आपला धोका झाडूवाल्याच्या किंवा शेजाऱ्याच्या पदरात घालणे. ओली केलेली दारूही मेलेली नसते. वाळली की ती पुन्हा पूर्वीसारखी होते. डबा घट्ट मिटून माळ्यावर सरकविणे, हा तर सर्वांत वाईट मार्ग. कारण बिघडलेल्या दारूला उष्णता आणि कोंडमारा हेच हवे असते. तेथे अग्निशमन दलाकडे विचारणा करून ती सोपवितात.

एका डब्याची ही कथा. डब्यांच्या जागी गाड्यांच्या गाड्या भरतील एवढा साठा असला आणि कोणी हे नियम पाळले नाहीत तर काय होते, याचे दोन दाखले आपल्याच काळातले आहेत.

२००९ साली सायप्रस या बेटाजवळ एका जहाजावरून दारूगोळ्याच्या ९८ कंटेनरांचा माल जप्त करण्यात आला. तो मारी या गावाजवळच्या आरमारी तळावर उघड्यावर रचून ठेवला. राजकारणाचा गुंता होता. माल कोणाचा, परत द्यावा की नष्ट करावा, याचा निर्णय होईना. भूमध्य समुद्रावरच्या उन्हाळ्यांत ते लोखंडी कंटेनर तापत राहिले. अधिकाऱ्यांनी धोक्याचे इशारे दिले होते. जुलै २०११ च्या पहिल्या आठवड्यात एक कंटेनर फुगलेला आढळला. आंबूस वासाच्या डब्याने सांगावे तेच तो कंटेनर सांगत होता. ११ जुलैच्या पहाटे आग लागली, आणि ती विझविण्याचा प्रयत्न चालू असतानाच सगळा साठा उडाला. तेरा जण ठार झाले. त्यांत आरमाराचे प्रमुख होते, तळाचे प्रमुख होते, आणि अग्निशामक दलाचे सहा जवान होते. शेजारीच असलेले, बेटाला जवळजवळ निम्मी वीज पुरविणारे वीजकेंद्र मोडून पडले, आणि ज्या नागरिकाने त्या कंटेनरांचे नावही ऐकले नव्हते त्याच्या घरातला दिवा ऐन उन्हाळ्यात गेला. पुढे माजी संरक्षणमंत्र्यांना न्यायालयाने दोषी धरून शिक्षा केली.

दुसरा दाखला अमेरिकेतील लुइझियाना राज्याचा. १५ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री कॅम्प मिंडेन येथे एका कोठाराचा स्फोट झाला आणि काही मैलांवरच्या घरांची तावदाने फुटली. पोलीस तपासाला गेले तेव्हा त्यांना तोफेच्या दारूचा सुमारे दीड कोटी पौंडांचा साठा आढळला. त्यातला बराचसा कोठाराबाहेर, उघड्यावर आणि दाटीवाटीने रचलेला. जवळचे डॉयलिन हे गाव काही दिवस रिकामे करावे लागले. ही दारू मैदानात जाळून टाकावी असे प्रथम ठरले. पण धुराच्या भीतीने तेथील नागरिकांनी विरोध केला आणि बंद भट्टीची मागणी लावून धरली. ती मान्य झाली, आणि २०१७ पर्यंत तो सगळा साठा बंदिस्त भट्टीत जाळण्यात आला. कोठाराशेजारच्या गावाने प्रश्न विचारले म्हणजे काय साधते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आपल्याकडे घरी काडतुसे भरण्याचा छंद रूढ नाही. शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा बाळगणे हा गुन्हा आहे. व्यापारी स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पुण्याशेजारी खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालत आला आहे. तेव्हा विषय परका म्हणून सोडून देता येणार नाही. घरगुती बाजूही आहे. कोकणात पीकसंरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत. एखादे आजोबा जातात, आणि वर्षभराने फडताळात बंदूक, काडतुसांची पेटी आणि एखादा गंजका डबा सापडतो. अशा वेळी डबा हलवून पाहू नये, उघडू नये, उन्हात वाळत घालू नये आणि विहिरीत तर मुळीच टाकू नये. मुलांना दूर ठेवावे, जवळ दिवा-विडी नेऊ नये आणि पोलीस ठाण्याला कळवावे. परवानाधारक वारल्यावर शस्त्र व दारूगोळा पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कायद्यातच आहे. आपण होऊन कळविणाऱ्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आणखी एक नाते आहे. ते पुणेकरांना विशेष जवळचे वाटेल. पूर्वी चित्रपट ज्या फिल्मवर निघत, ती फिल्मही नायट्रोसेल्युलोजचीच असे. बंदुकीच्या कापसाची ती धाकटी बहीण. तीही तशीच म्हातारी होते: आधी चित्र फिके पडते, मग फिल्म चिकट होते, तिखट वास सुटतो, आणि शेवटी तांबूस पूड उरते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील साठ्याला आग लागली आणि नायट्रेट फिल्मची जुनी रिळे जळून खाक झाली. जे रासायनिक बंध युद्धनौका बुडवितात तेच आपल्या चित्रपटांच्या इतिहासाचा घास घेऊ शकतात. त्यांना लागणारी काळजीही तीच: थंड हवा, विरळ मांडणी, वेळोवेळी तपासणी.

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. बिनधुराची दारू जुनी झाली म्हणून एकाएकी पेटत नाही. थंड, कोरड्या, विरळ जागी ती दशके शहाण्यासारखी राहते. पण तिचे वार्धक्य थांबविणारे औषध अजून निघालेले नाही. आपण फक्त ते लांबवू शकतो आणि मोजू शकतो. मोजण्याचे काम थांबले की तिचे दिवस मोजण्यास कोणी उरत नाही. सायप्रसला दारू नवी नव्हती, नियम नवे नव्हते, रसायनशास्त्र तर शंभर वर्षे जुने होते. ज्याने निर्णय घ्यावा त्याने तो घेतला नाही, एवढेच. म्हणून कोठाराचा खरा पहारेकरी दारावर बंदूक घेऊन उभा असतो तो नव्हे. आत कोणता साठा कोणत्या सालचा, तो कोठे किती तापला, शेवटची तपासणी केव्हा झाली आणि पुढची केव्हा, हे ज्या वहीत लिहिले जाते, ती वही आणि ती नियमाने उघडणारा कारकून हेच खरे पहारेकरी. आपल्या गावाशेजारी असे कोठार असेल, फटाक्यांचे असो की खाणीच्या सुरुंगांचे, तर ती वही कोणापाशी आहे आणि शेवटची नोंद केव्हाची आहे, एवढे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. तो त्याने शांतपणे, पण जरूर बजावावा.